काय दिसत नाय

धसई, १२ एप्रिल २०२५

सारिका,

नावाआधी 'चिरंजीव' लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. रितेश गेल्यापासून तो शब्द कुणाच्याच नावाआधी लिहवत नाही. म्हणून नुसतं सारिका.

पत्ता तुझ्या आईने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मीच आठ दिवस तिच्या मागे लागलो होतो. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस ते कळलं आहे मला. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लावावा असंही मनात आलं होतं. पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवलास तर मला परत धीर व्हायचा नाही. पत्र नाही वाचलंस तरी घरात कुठेतरी पडून राहील.

आई सांगते, तू शहापुरात औषधांच्या दुकानात लागलीस. राही अंगणवाडीत जाते आणि बाईंनी नाव विचारलं की "आधी तुमचं सांगा" म्हणते. हे ऐकून मी हसलो. मग आईला दिसू नये म्हणून गोठ्याकडे जाऊन उभा राहिलो.

मी जानेवारीत नोकरी सोडली. अजून दोन वर्षं बाकी होती. इथे लोक विचारतात, रडारवरची नोकरी कुणी सोडतं का? मी सांगतो, गुडघे गेले, टेकडी चढवत नाही. गुडघे ठीक आहेत.

रितेशच्या तेराव्याला टोकावड्यात, तुझ्या सासरी, पंगत उठल्यावर, तू मला ओटीवर गाठलंस. म्हणालीस, "बाबा, त्या सकाळी त्याने तुमाला फोन केला होता. काय बोलला?" मी म्हटलं, तब्येत विचारली. तू म्हणालीस, "खोटं. नदीपलीकडे निघायच्या आधी तो तुमाला एकच गोष्ट विचारायचा." मी चपला शोधायला लागलो. तू म्हणालीस, "खरं सांगाल तेव्हा या. तोवर येऊ नका." मी चपला घातल्या आणि निघालो. तो दिवस आणि आजचा दिवस.

खरं सांगायलाच बसलोय. पण मला ते सुरुवातीपासूनच सांगता येईल, मधून नाही येणार. तीस वर्षं मी काय करत होतो ते मी घरात कधी नीट सांगितलंच नाही. तुझी आई अजून शेजारणींना सांगते की आमचे हे हवामानखात्याचे टीव्ही दुरुस्त करायचे. मला विचारलं फक्त रितेशने.

तुमच्या साखरपुड्याचं जेवण झालं होतं. सगळी माणसं मांडवात सुस्तावली होती. तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मामा, शंभर-दोनशे मैलांवरचा पाऊस तुमाला दिसतो कसा?" मला वाटलं, नवा जावई सासऱ्याला खूश करतोय. म्हणून दोन वाक्यांत उरकलं. पण तो उठेना. मग मी त्याला नीट सांगितलं.

सगळ्याच्या मुळाशी एक ट्यूब असते. आपल्या जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे, त्याच जातीची, पण तांब्याची, आणि चांगली जड. आमच्याकडची मॅग्नेट्रॉन जातीची होती. आत हवेचा कणही नसतो. मधोमध एक दांडी, तिला कॅथोड म्हणतात. ती तापवून लाल केली की तिच्या अंगावरून इलेक्ट्रॉन सुटतात, तापल्या तव्यावरून वाफ सुटावी तसे. बाहेरून हजारो व्होल्टचा दाब त्यांना भिंतीकडे ओढत असतो. पण ट्यूबच्या दोन्ही अंगांना मोठी लोहचुंबकं असतात, ती त्यांना सरळ जाऊ देत नाहीत. वळवतात. मग ते दांडीभोवती गोल गोल फिरायला लागतात. भोवतालच्या तांब्याच्या भिंतीत बारके बारके कप्पे कोरलेले असतात. त्यांच्या तोंडाजवळून हे इलेक्ट्रॉन गेले की कप्पे घुमतात. मांडवात सोड्याची रिकामी बाटली पडली होती, ती उचलून मी तिच्या तोंडावर फुंकर मारून दाखवली. घूं असा आवाज आला. म्हटलं, एवढंच आहे, फक्त सेकंदाला अब्जावधी वेळा. तो घुमार एका पोकळ नळीतून बाहेर छत्रीवर, म्हणजे अँटेनावर जातो, तिथून आभाळात. पावसाच्या थेंबांवर आपटून त्यातला कणभर परत येतो. तो कण पकडायचा, आणि यायला किती वेळ लागला ते मोजायचं.

त्याने बाटली माझ्या हातातून घेतली आणि स्वतः फुंकून पाहिली. म्हणाला, "म्हणजे तुमी पावसाला हाक मारता आणि तो ओ देतो."

तोवर माझं काम कुणी असं सांगितलं नव्हतं. मी तिथेच त्याला म्हटलं, पावसाळ्यात पिकअप घेऊन नदीपलीकडे भाजी आणायला जायच्या आधी मला फोन करत जा. मी बघून सांगेन. हे मीच म्हटलं होतं सारिका, त्याने मागितलं नव्हतं.

आज एवढंच. हात दुखतोय असं लिहिणार होतो, पण तेही खरं नाही.

तुझा बाबा


धसई, ४ मे २०२५

सारिका,

उत्तर आलं नाही, येईल असं धरलंही नव्हतं. पत्र परत आलं नाही, यावरच मी तीन आठवडे काढले.

ट्यूब मरते कशाने, हेही त्याने एकदा विचारलं होतं. राहीच्या बारशाला. मी त्याला म्हटलं, माणसासारखीच, वेगवेगळ्या कारणांनी. त्यातली सरळ गोष्ट म्हणजे वय. त्या मधल्या दांडीवर एक लेप असतो, इलेक्ट्रॉन त्यातूनच सुटतात. काही हजार तास झाले की लेप संपत जातो. मग ट्यूब दम लागल्यासारखी करते, करंटचा काटा थरथरतो, मधूनच सूर सोडते. सुरुवातीला थंड दांडीवर एकदम दाब द्यायचा नसतो, आधी चांगली तापू द्यावी लागते. घाईच्या माणसाच्या हातात ट्यूब टिकत नाही. आणि एकदा चालू झाली की फिरून परत येणारे इलेक्ट्रॉन त्याच दांडीवर आदळतात आणि तिला आणखी तापवतात, म्हणून तापवायची वीज कमी करावी लागते. ते विसरलं तर ती स्वतःच्याच उष्णतेने लवकर संपते. घुमार बाहेर पडतो तिथे चिनी मातीची एक बारीक खिडकी असते. नळीत दमट हवा शिरली की लाट उलटी फिरते आणि ती खिडकी तडकते. म्हणून समुद्राकाठी आमचा निम्मा जीव त्या नळीत कोरडी हवा भरण्यात जायचा. पंखा बंद पडला, मरते. चुंबकाजवळ कुणी लोखंडी पाना नेला, चुंबक हळूहळू कमजोर होतं, तरी मरते.

पण सगळ्यांत फसवं मरण कपाटातलं. नवीकोरी ट्यूब, खोक्यात, लाकडी चौकटीत नीट बसवलेली, एक तासही न चाललेली. ती नुसती ठेवूनही बिघडते. आत निर्वात असलं तरी धातूच्या अंगात मुरलेला वायू कणाकणाने बाहेर येत राहतो. वर्ष-दीड वर्ष कुणी हात लावला नाही तर आत एवढा वायू साठतो की दाब दिल्याबरोबर आतल्या आत ठिणगी पडते आणि सगळं बंद पडतं. यावर उपाय असतो. ठरलेल्या मुदतीने ती काढायची, नुसती तापवत ठेवायची, मग थेंब थेंब करत दाब वाढवायचा. त्याला सीझनिंग म्हणतात. आतला वायू हळूहळू जिरतो. दिवसभराचं काम असतं. रडार थांबवावं लागतं, चालू ट्यूब उतरवून ही चढवावी लागते, परत उलटं करावं लागतं. आमच्याकडे तीन महिन्यांची मुदत होती आणि त्याची वही होती.

गेल्या वर्षी जुलैच्या त्या मंगळवारी सकाळी सहाला चालू ट्यूबचा काटा थरथरायला लागला. सव्वासातला ती गेली. म्हातारी झाली होती, तिचा दोष नव्हता. मी आणि हरेशने, म्हणजे माझ्या हाताखालच्या मुलाने, राखीव ट्यूब काढून चढवली. साडेनऊला दाब दिला आणि ती आतून ठिणगी टाकून बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

राखीव ट्यूब खराब निघाली. असं होतं कधीकधी. नंतर चौकशी झाली तेव्हा अहवालातही तसंच लिहिलं गेलं. संध्याकाळी चारनंतर रडार चालू झालं, तेव्हा पडद्यावर पाऊस घाट ओलांडून पार पुण्याकडे गेलेला दिसत होता.

आई तुझ्यासाठी कैरीचं लोणचं पाठवते आहे. बरणी घट्ट बांधली आहे.

बाबा


धसई, २१ मे २०२५

सारिका,

तुझं कार्ड पोचलं. एकच ओळ आहे. "ट्यूबचं पुरे झालं, फोनवर काय बोललात ते लिहा." तुझं अक्षर दहा महिन्यांनी पाहिलं. तीनदा वाचलं आणि मग आईला दिलं. तिने वाचून परत दिलं आणि म्हणाली, "मग लिहा ना." तिलाही मी काही सांगितलेलं नाही. तिने विचारलं नाही कधी. आज तिला शेजारी बसवून लिहितोय.

मागच्या पत्रात लिहिलं की राखीव ट्यूब खराब निघाली. ती खराब आली नव्हती. मी खराब होऊ दिली.

वहीत दर तीन महिन्यांनी नोंद आहे, 'राखीव ट्यूबचं सीझनिंग केलं', खाली माझी सही. दीड वर्षात सहा नोंदी. त्यातली एकही खरी नाही. आधी एकदा टाळलं कारण त्या दिवशी वरून साहेब येणार होते आणि रडार थांबवता येईना. पुढच्या आठवड्यात करू म्हणून सही करून ठेवली. पुढचा आठवडा आला नाही. काही झालं नाही हे दिसलं की दुसऱ्यांदा सही करायला हात अडखळत नाही. फेब्रुवारीतली एक नोंद आहे, त्या दिवशी राही तीन वर्षांची झाली. मी सकाळीच सही केली आणि मुरबाडची बस धरली. तुम्ही सगळे मला बघून किती हरखला होतात. रितेश म्हणाला, "मामा, सुट्टी कशी काय मिळाली?" मी म्हटलं, काम उरकून आलो.

आता तो मंगळवार.

तिसऱ्यांदा ठिणगी पडली आणि मला कळलं. हरेशला कळलं नव्हतं, तो म्हणत होता, "साहेब, वायरिंग बघू का?" मी हो म्हटलं. त्याला वायरिंगकडे पाठवलं, कारण मला तेवढाच वेळ हवा होता. ट्यूब हळूहळू तापवून, दाब चढवून वायू जिरवायला पाच-सहा तास लागणार होते. ते आधी दीड वर्ष कधीही करता आलं असतं. दुसऱ्या फोनवर मोठे साहेब होते, विचारत होते की राखीव ट्यूब वेळच्या वेळी तपासली होती ना. मी म्हणत होतो, हो साहेब, वहीत आहे.

तेवढ्यात माझ्या मोबाईलवर रितेशचा फोन आला. दहाला दहा कमी होते.

तो म्हणाला, "मामा, काय दिसतंय?"

माझ्यासमोर पडदा होता. काळा. त्यावर ना पाऊस ना आभाळ.

मी म्हटलं, "काय दिसत नाय."

तो म्हणाला, "मग निघतो. वाडीवरची काकडी उचलतो, दीड तासात परत."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच बोलणं झालं. बेचाळीस सेकंद, माझ्या मोबाईलवर अजून दिसतात.

मी खोटं बोललो नाही, असं मी दहा महिने स्वतःला सांगत आलोय. खरंच काही दिसत नव्हतं. पण तो "मग निघतो" म्हणाला तेव्हा त्याने माझ्या शब्दांचा काय अर्थ घेतला ते मला लख्ख कळलं होतं. त्याला वाटलं आभाळ मोकळं आहे. मी एवढंच म्हणायचं होतं, थांब, रडार बंद आहे, मी आंधळा आहे आत्ता. पण शेजारी हरेश होता, दुसऱ्या कानाला साहेब होते, आणि 'रडार बंद आहे' हे शब्द मला त्या खोलीत तोंडातून काढायचे नव्हते. तीन शब्द. म्हणून मी "बरं" म्हटलं. नंतर करू फोन, असं ठरवलं. सीझनिंगला सुरुवात केली आणि काट्यावर नजर ठेवून बसलो. साडेअकरा कधी वाजले कळलं नाही. तेव्हा लावला. लागला नाही.

रडार चालू असतं तरी इशारा गावात वेळेवर पोचला असता का, मला माहीत नाही. कदाचित नसता. पण रितेशपर्यंत पोचायला इशारा लागत नव्हता. माझा एक फोन पुरे होता आणि तो लागलेलाच होता.

काल मी ऑफिसला पत्र टाकलं. सहाही तारखा लिहिल्या आणि चौकशीत मी काय लपवलं तेही. ते जे करतील ते करतील. हे तुला दाखवण्यासाठी लिहीत नाही. हरेशच्या नावावर अजून 'वायरिंग तपासण्यात वेळ गेला' असा शेरा आहे, तो जायला हवा.

आई इथेच बसली आहे. मी लिहीत असताना ती प्रत्येक ओळ वाचत होती. 'बरं' या शब्दानंतर ती उठून आत गेली होती, पण परत आली.

आता तुला जे करायचं ते कर. मी पत्र पाठवायचं थांबवतो. तू म्हणशील तर.

बाबा


शहापूर, ८ जून २०२५

बाबा,

तुमचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. दुकानात गर्दी नसते तेव्हा काउंटरखाली ठेवून वाचते. लिहायला आज रविवार मिळाला. राही झोपली आहे.

तुम्ही मला जे सांगितलं ते अर्धं मला आधीच माहीत होतं. फोन आला तेव्हा मी अंगणात होते. रितेश पिकअपवर ताडपत्रीची दोरी आवळत होता, हात मोकळे नव्हते म्हणून त्याने मोबाईल बॉनेटवर ठेवून स्पीकर लावला होता. "काय दिसत नाय" मी माझ्या कानांनी ऐकलं. "बरं" पण ऐकलं. तेराव्याला मी तुम्हाला विचारलं ते मला शब्द माहीत नव्हते म्हणून नाही. मला एवढंच कळायचं होतं की तुमच्या समोर आभाळ मोकळं होतं की पडदा बंद होता. आभाळ मोकळं असतं तर कुणाचीच चूक नव्हती. तुम्ही तब्येतीचं बोललात आणि मला कळलं की काहीतरी आहे.

तुमचा राग आला. पण बाबा, खरं सांगते, आत कुठेतरी मला बरंही वाटलं. दोष द्यायला माणूस सापडलं म्हणून.

आता माझं ऐका. फोन ठेवल्यावर रितेश लगेच निघाला नाही. आमच्या अंगणातून नदी दिसते ते तुम्हाला माहीत आहे. तो दोरी हातात धरून तिकडे बघत राहिला. म्हणाला, "पाणी लाल झालंय गो. वर कुठं तरी पडतोय." मी बघितलं. पाणी लाल होतं, फेस धरून चाललं होतं. मला दिसत होतं. तो म्हणाला, "दुपारी जाऊ का?" मी म्हटलं, "बाबांनी सांगितलं ना काय नाय म्हणून. काकडी सडंल. जा आणि लवकर ये."

तो गेला.

तुम्ही तिथे आंधळे होता. माझे डोळे उघडे होते. नदी शंभर पावलांवर होती आणि मी तिच्यापेक्षा सत्तर किलोमीटरवरच्या तुमच्या यंत्रावर विश्वास ठेवला.

मला वाटायचं, तुम्ही एकदा खरं कबूल केलंत की माझं थोडं कमी होईल. तुम्ही कबूल केलंत. पत्र वाचून मी खूप वेळ वाट बघितली. कमी झालं नाही.

मी टोकावडं का सोडलं, सगळ्यांना वाटतं कामासाठी. सासूबाई मला कधी एक शब्द बोलल्या नाहीत. सकाळी उठून त्या माझ्यासाठी चहा ठेवायच्या, आणि तो कप घ्यायला मला हात पुढे करवेना. दिवाळीनंतर मी तिकडे गेलेले नाही. राहीलाही नेलं नाही. त्या घरी एकट्या आहेत. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, आणि त्यांना काही न सांगता मी तिथे पाटावर जाऊन बसू शकत नाही. सांगायला जाऊही शकत नाही.

तुम्ही जा. तुमचं तुम्ही सांगा. त्यांना कळायला हवं की त्यांचा मुलगा बेफिकीर नव्हता, गावात लोक तसं म्हणतात, पूर आलेला असताना नदीत कोण गाडी घालतो म्हणतात. त्याने विचारलं होतं. तो दरवेळी विचारायचा.

माझं सांगायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. मला ठरवता येत नाही.

लोणचं पोचलं. राहीने खाल्लं.

सारिका


धसई, २० जून २०२५

सारिका,

काल टोकावड्याला जाऊन आलो. आई येते म्हणाली होती, मी नको म्हटलं. धसईहून मुरबाड आणि तिथून माळशेजची बस. फाट्यावर उतरून चालत निघालो तेव्हा दोनदा परत फिरावंसं वाटलं. हे तुला सांगायलाच हवं असं नाही, पण आता काही गाळायचं नाही असं ठरवलं आहे.

विहीणबाई पडवीत सूप घेऊन भाताचं बी निवडत होत्या. मला बघून सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बसा, व्याही." जणू मी मागच्या आठवड्यातच येऊन गेलो होतो. पाणी दिलं. मी पाणी प्यायलो नाही. आधी सांगतो, म्हटलं.

मी सगळं सांगितलं. ट्यूबचं त्यांना काय कळणार, म्हणून एवढंच म्हटलं की यंत्र बंद पडलं होतं, ते माझ्या हलगर्जीपणाने पडलं होतं, आणि रितेशने विचारल्यावर बंद आहे हे मी बोललो नाही. तो विचारून निघाला होता. त्याची काहीच चूक नव्हती. हे मी दोन-तीनदा म्हटलं. गावात कोण काय बोलतं ते मला कळलंय, मी स्वतः पारावर जाऊन सांगायला तयार आहे, असंही म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, नदीकडे बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "तुमाला माफ केलं असं माझ्या तोंडून येणार नाय. विचारू नका."

मी म्हटलं, विचारायला आलो नाही.

"मग बरं," म्हणाल्या आणि आत जाऊन चहा ठेवला.

तुझं मी सांगितलं नाही, सारिका. बसमध्येच ठरवलं होतं. तुझं ओझं मी उचलून नेऊ शकत नाही, पण ते दुसऱ्याच्या दारात ठेवून यायचा हक्कही मला नाही असं वाटलं. चहा घेतला, उठलो. तेव्हा त्यांनीच विचारलं, "पोरीनं धाडलं तुमाला?"

मी म्हटलं, हो.

"तिनं तिचं सांगितलं असंल."

मी रिकामा कप सुपाशेजारी ठेवला.

त्या म्हणाल्या, "मी आत चुलीपाशीच होते त्या वक्ताला. दार उघडं होतं. तो दुपारी जाऊ का म्हणाला ते मी ऐकलं, ती जा म्हणाली ते पण ऐकलं. आनि मी काय केलं? मी भाकरी बांधली आनि नेऊन त्याच्या हातात दिली. नदी मला दिसत नव्हती का? सत्तर पावसाळं काढलं मी हिच्या काठाला."

मग पदर तोंडाला लावून तशाच उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मला वाटतं, ते त्यांचं रडणंच होतं.

त्यांनी मला निरोप दिला आहे. जसाच्या तसा लिहितो, माझा एक शब्द नाही. "तिला सांगा, मी कुणाला बोलले नाय, बोलणार पण नाय. ती चहा न पिता उठायची तवाच मला कळलं होतं. मला वाटलं, आपण काय बोललं तर पोर आजून खचंल, म्हणून गप बसले. ती गेली. माझं चुकलं असंल. माझा पोरगा गेला तो गेला. पण ती जिती असून येत नाय, हे मला रोज नव्यानं लागतं."

मी निघालो. त्या माझ्याबरोबर अंगणाच्या कडेपर्यंत आल्या. खाली नदी अजून भरलेली नाही, दगड दिसतात. तिथे थांबून त्यांनी विचारलं, "राही केवढी झाली?"

मीही तिला अकरा महिन्यांत पाहिलेलं नाही. पण माहीत नाही म्हणवेना. अंदाजाने हात धरला, कमरेच्या जरा खाली.

त्या म्हणाल्या, "नाय. वाढली असंल आता." आणि माझ्या हाताच्या चार बोटं वर त्यांनी आपला हात धरला.

तिकडे फाट्यावर बस आली होती, हॉर्न वाजवत होती. आम्ही दोघं तसेच उभे होतो, आपापला हात त्या उंचीवर धरून, आणि हातांखाली कुणी नव्हतं.

बाबा